वाचकांचे प्रश्न : संघाला रसेल हवा की चेंबरलेन?

प्रश्न : बास्केटबॉलच्या इतिहासावरून आम्हा मित्रांमध्ये बरीच वर्षे एक वाद चालू आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले. गुणांची ती सरासरी आजवर कोणालाही गाठता आलेली नाही. तरीही त्या वर्षीचा ‘सर्वात मौल्यवान खेळाडू’ हा बहुमान बिल रसेलला मिळाला आणि त्याची सरासरी होती अवघी १८.९ गुणांची. माझ्या मते हा चेंबरलेनवर झालेला उघड अन्याय होता. आपल्याला काय वाटते? आणि नवा संघ उभारायचा असेल तर दोघांपैकी आपण कोणाला निवडाल?

उत्तर : तुमच्या पत्रात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, म्हणून आधी बहुमानाचे पाहू. त्या काळी हा बहुमान लीगमधल्या खेळाडूंच्याच मतांनी ठरत असे. याउलट हंगामाचा सर्वोत्तम संघ निवडण्याचे काम वार्ताहर आणि समालोचकांकडे होते, आणि त्यांनी त्याच वर्षी सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागी चेंबरलेनला पहिल्या संघात घेतले, तर रसेलला दुसऱ्या. म्हणजे बाकावर बसून सामना पाहणाऱ्यांना आणि गुणांची टिपणे ठेवणाऱ्यांना चेंबरलेन श्रेष्ठ वाटला, आणि ज्यांना प्रत्यक्ष मैदानात या दोघांच्या अंगावर रिंगकडे धाव घ्यावी लागत होती त्यांनी रसेलच्या पारड्यात मत टाकले. खेळाडूंना आकडे ठाऊक नव्हते असे नाही. चेंबरलेनच्या गुणांचा डोंगर त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला होता; तरी त्यांनी असे मत दिले, म्हणून ते मत मला महत्त्वाचे वाटते.

चेंबरलेनच्या आकड्यांना कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. सात फूट एक इंच उंची, अफाट ताकद आणि तितकाच दम असलेला हा खेळाडू त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे खेळला. सामना ४८ मिनिटांचा असतो; तेव्हा जादा वेळेत गेलेले सामने धरले तर तो हंगामभर जवळजवळ बाहेर बसलाच नाही, असा याचा अर्थ होतो. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी येथे न्यू यॉर्क निक्सविरुद्ध त्याने १०० गुण केले. त्यांतले २८ गुण फ्री थ्रोचे (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे) होते, आणि तेही केवळ ३२ प्रयत्नांत. फ्री थ्रो ही त्याची जन्माची कमकुवत बाजू असताना. हा पराक्रम कोणत्याही मापाने मोजला तरी मोठाच भरतो. विचार करायचा तो इतकाच की त्यातून संघाच्या पदरात नेमके किती पडले.

त्यासाठी एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. चेंडूचा ताबा दोन्ही संघांना आलटून पालटून मिळतो, त्यामुळे एका सामन्यात एका संघाला किती शॉट मारता येतील याला मर्यादा असते. चेंबरलेन त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ३९.५ शॉट मारत होता, म्हणजे फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या एकूण शॉटपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. हे शॉट त्याने मारले नसते तर वाया गेले नसते. पॉल अरिझिन, टॉम गोला यांच्यासारख्या कसलेल्या खेळाडूंनी ते मारले असते आणि त्यांतलेही बरेचसे बास्केटमध्ये गेले असते. म्हणून संघाला झालेला निव्वळ फायदा मोजायचा तर चेंबरलेनच्या गुणांमधून त्याच शॉटवर सहकाऱ्यांनी केले असते ते गुण वजा करावे लागतात. चेंबरलेनचे निम्म्याहून किंचित अधिक शॉट आत जात आणि त्या काळच्या मानाने हे प्रमाण उत्तम होते, तेव्हा फायदा होता हे निश्चित; मात्र तो पन्नास गुणांचा नव्हता, त्याच्या जवळपासचाही नव्हता. प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी त्या वर्षी सगळी आखणीच चेंबरलेनभोवती केली होती, त्यामुळे याचा दोष एकट्या खेळाडूला देता येत नाही, हेही सांगायला हवे.

बचावाचे गणित याहून वेगळे आहे आणि रसेलची थोरवी तिथेच कळते. रसेलने रिंगपाशी अडवलेला शॉट कोणत्याही सहकाऱ्याच्या वाट्यातून काढून घेतलेला नसतो. त्याने प्रतिस्पर्ध्याचे दोन गुण वाचवले तर ते पूर्णच्या पूर्ण संघाच्या खात्यात जमा होतात. शिवाय त्याच्या असण्याने इतर चौघांचा बचावही सुधारत असे. पुढचा बचावपटू चेंडू असलेल्या खेळाडूला अगदी खेटून उभा राहू शके, पास तोडण्यासाठी बेधडक झेप घेऊ शके, कारण झेप चुकली आणि प्रतिस्पर्धी निसटून आत घुसला तरी मागे रसेल उभा आहे याची त्याला खात्री असे. रसेलच्या संघातला के. सी. जोन्ससारखा चिवट बचावपटू समोरच्याला इतका जेरीस आणू शकत असे, त्यात त्याच्या स्वतःच्या गुणवत्तेइतकाच या खात्रीचाही वाटा होता, असे मी मानतो. जे शॉट रसेलने अडवले त्यांच्यापेक्षा जे शॉट त्याच्या धास्तीने मारलेच गेले नाहीत, किंवा घाईघाईत आणि अधिक उंचावरून मारल्याने हुकले, त्यांची संख्या कितीतरी मोठी असणार, आणि गुणपत्रिकेत त्यांची नोंद कुठेच होत नाही.

त्या हंगामात रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सने ६० सामने जिंकले आणि चेंबरलेनच्या वॉरियर्सने ४९. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत हे दोन संघ समोरासमोर आले, मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि सॅम जोन्सने अगदी शेवटच्या क्षणी मारलेल्या शॉटवर बोस्टनने तो सामना १०९-१०७ असा जिंकला. लीगची खरी अंतिम फेरीही सातव्या सामन्यात आणि जादा वेळेत गेली; लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या त्या सामन्यात रसेलने ३० गुण आणि ४० रिबाउंड मिळवले. बहुमानासाठी केवळ नियमित हंगाम धरायचा असतो, त्यामुळे या शेवटच्या कामगिरीचा मतांशी संबंध नाही. पण खेळाडूंचे मत भाबडे नव्हते, हे त्यावरून दिसते. अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. चेंबरलेनला तो बहुमान मिळाला असता तरीही मी अन्याय म्हटले नसते.

आता निवडीविषयी. दहा-बारा वर्षे टिकणारा संघ उभारायचा असेल तर मी कोणताही विलंब न लावता रसेलला घेईन. पण एकाच हंगामापुरता खेळाडू निवडायला सांगितले, तर मी १९६६-६७ चा चेंबरलेन निवडेन. त्या वर्षी त्याचा संघ असलेल्या फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचे प्रशिक्षक अॅलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट कमी मारून चेंडू वाटायला सांगितले आणि त्याने ते मनापासून ऐकले. १९६१-६२ मध्ये सामन्यामागे चाळीसच्या आसपास असलेले शॉट १४.२ वर आले, गुणांची सरासरी २४.१ झाली, रिबाउंड २४.२ राहिले आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेले पास) ७.८ वर गेले. मारलेल्या शॉटपैकी ६८.३ टक्के आत गेले. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले, सलग आठ वर्षे विजेते राहिलेल्या बोस्टनला प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) ४-१ असे हरवले आणि विजेतेपद मिळवले. आक्रमणात चौघांना खेळवणारा आणि बचावात रिंग राखणारा इतका परिपूर्ण सेंटर एका हंगामात पुन्हा झाला असेल असे मला वाटत नाही. रसेलने मात्र आपल्या परीने हे तेरा वर्षे केले.

प्रश्न : रसेलची अकरा विजेतेपदे नेहमी सांगितली जातात, पण बॉब कूझी, बिल शारमन, टॉम हाइनसन, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक असे सहकारी आणि रेड ऑरबाख यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले तर कोणताही चांगला सेंटर जिंकला नसता का? संघाचे यश एका खेळाडूच्या नावावर मांडणे योग्य आहे का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि विजेतेपदांची संख्या हाच पुरावा मानणाऱ्यांनी तिला उत्तर द्यायलाच हवे. पाच जणांच्या खेळात एकाच्या नावावर सगळे यश मांडणे चूकच आहे. परंतु यश कोणाच्या येण्याने सुरू झाले, कोणाच्या जाण्याने थांबले आणि मधल्या काळात काय काय बदलले, हे तपासता येते आणि त्यातून एकेकाचे वजन बरेचसे कळते.

रसेल येण्यापूर्वी कूझी आणि शारमन बोस्टनमध्ये होतेच, ऑरबाखही होते. वेगवान आणि भरपूर गुण करणारा संघ म्हणून त्याची ख्याती होती. तरी एकदाही तो लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. १९५६ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सेंट लुईस हॉक्सने घेतलेल्या रसेलला आपल्याकडे आणण्यासाठी ऑरबाख यांनी एड मकॉली हा प्रस्थापित सेंटर आणि क्लिफ हेगन असे दोघे देऊन टाकले. हे दोघेही पुढे नामवंत ठरले, तेव्हा किंमत लहान नव्हती. मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवून रसेल डिसेंबरमध्ये संघात आला आणि त्याच हंगामात, १९५७ मध्ये, बोस्टनने पहिले विजेतेपद मिळवले. हाइनसनही त्याच वर्षी संघात आला होता, हे नोंदवायला हवे. पुढच्या वर्षीच्या अंतिम फेरीत तिसऱ्या सामन्यात रसेलचा घोटा दुखावला, त्यानंतर तो जवळजवळ खेळू शकला नाही आणि बोस्टन हरले. तेरा हंगामांत विजेतेपद हुकले ते फक्त दोनदा : त्या वर्षी आणि १९६७ मध्ये, चेंबरलेनच्या त्या अजोड संघाकडून.

मधल्या काळात सहकारी बदलत गेले. शारमन १९६१ मध्ये, कूझी १९६३ मध्ये आणि हाइनसन १९६५ मध्ये निवृत्त झाला. कूझी असताना सहा विजेतेपदे मिळाली आणि तो गेल्यावर पाच. १९६६ मध्ये ऑरबाख यांनी प्रशिक्षकपद सोडले, तेव्हा ती जबाबदारी रसेलनेच घेतली आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत आणखी दोन विजेतेपदे मिळवली. एनबीएमधला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता. अकराही संघांमध्ये खेळाडू म्हणून हजर असलेला एकच माणूस सापडतो. सॅम जोन्स दहा संघांत होता, आणि रसेलइतका नसला तरी त्याचाही मान मोठा आहे. त्याचे नाव अशा चर्चांत मागे पडते याची मला खंत वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही नावे घेतलीत ते बहुतेक आक्रमणातले खेळाडू आहेत. पण त्या वर्षांतल्या चेंडूच्या ताब्यांचा अंदाज बांधून पुढच्या अभ्यासकांनी जे हिशेब मांडले, त्यांत बोस्टनचे आक्रमण बहुतेक हंगामांत लीगच्या सरासरीच्या आसपास किंवा त्याहून खालीच येते आणि बचाव मात्र जवळजवळ दर वर्षी सर्वोत्तम ठरतो. नावाजलेल्या शॉटपटूंचा हा संघ जिंकत होता तो बचावावर. बचावाचा कणा कोण होता, याबद्दल दुमत नाही.

१९६९ मध्ये रसेल निवृत्त झाला. त्याच्या शेवटच्या हंगामात बोस्टनने ४८ सामने जिंकले होते आणि ३४ गमावले होते. पुढच्या हंगामात हेच आकडे उलटे झाले, ३४ विजय आणि ४८ पराभव, आणि संघ प्लेऑफमध्येही पोहोचला नाही. या घसरणीचे सगळे श्रेय रसेलला देण्याचा मोह होतो, पण सॅम जोन्सही त्याच वेळी निवृत्त झाला होता, तेव्हा तो आवरायला हवा.

चेंबरलेनसाठी हीच कसोटी लावली तर चित्र संमिश्र दिसते. १९५८-५९ मध्ये वॉरियर्सने ३२ सामने जिंकले आणि ४० गमावले होते. चेंबरलेनच्या पहिल्याच वर्षी त्यांचे ४९ विजय आणि २६ पराभव झाले. दुबळ्या संघाला एकट्याच्या बळावर उभे करण्यात त्याची बरोबरी करणारे फार थोडे आहेत. पण १९६२-६३ मध्ये, संघ सॅन फ्रान्सिस्कोला हलल्यावर, अरिझिन निवृत्त झाला, गोलाही दुसऱ्या संघात गेला आणि चेंबरलेनची सरासरी ४४.८ गुणांची असूनही ८० पैकी ३१ सामनेच जिंकता आले. १९६८ मध्ये तो फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सहून लेकर्सकडे गेला, तेव्हा तर पाहण्यासारखे घडले : लेकर्सचे विजय ५२ वरून ५५ झाले, फिलाडेल्फियाचे ६२ वरून ५५ वर आले, आणि ज्या संघाने त्याला दिले व ज्या संघाने त्याला घेतले त्या दोघांचाही हंगाम ५५ विजय आणि २७ पराभवांवर संपला. लेकर्समध्ये जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर आधीच होते. जिथे चेंडू हाती घेऊन खेळणारे दोन थोर खेळाडू आहेत तिथे तिसरा आला की त्याच ताब्यांचे तीन वाटे होतात. रसेल कोणत्याही संघात गेला असता तरी ही अडचण आली नसती, कारण त्याला चेंडू फारसा लागतच नव्हता.

प्रश्न : चेंबरलेन मोक्याच्या क्षणी कच खात असे, असे अनेकदा वाचनात येते. यात तथ्य किती?

उत्तर : फार थोडे. हा आरोप मला अन्यायकारक वाटतो, आणि रसेलचा चाहता असूनही मी तो मान्य करत नाही.

हे दोघे प्लेऑफच्या आठ मालिकांत समोरासमोर आले आणि त्यांतल्या सात रसेलच्या संघाने जिंकल्या. सात विरुद्ध एक हा आकडा ऐकला की मामला एकतर्फी वाटतो. पण त्यांतल्या चार मालिका, १९६२, १९६५, १९६८ आणि १९६९ च्या, सातव्या सामन्यापर्यंत गेल्या आणि त्या चार सामन्यांतला फरक अनुक्रमे दोन, एक, चार आणि दोन गुणांचा होता. चौघांची बेरीज नऊ. चार मालिकांचा निकाल मिळून नऊ गुणांनी ठरला असेल, तर त्यावरून एकाला जन्मजात विजेता आणि दुसऱ्याला जन्मजात पराभूत ठरवणे हे आकड्यांशी केलेले खेळणे आहे.

१९६५ चा सातवा सामना घ्या. चेंबरलेनने ३० गुण आणि ३२ रिबाउंड मिळवले. शेवटची पाच सेकंद उरलेली असताना त्यानेच बास्केट करून फरक ११०-१०९ असा एका गुणावर आणला. त्यानंतर रसेलने बाहेरून आत टाकलेला चेंडू बास्केटला आधार देणाऱ्या तारेला लागला आणि ताबा चेंबरलेनच्या फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडे गेला. म्हणजे मोक्याच्या क्षणी चूक झाली ती रसेलच्या हातून. हॅवलिचेकने पुढचा पास तोडला म्हणून बोस्टन वाचले आणि ती चूक इतिहासाच्या तळाशी गेली. हॅवलिचेकचा हात चेंडूला लागला नसता, तर कच खाणारा म्हणून आज कोणाचे नाव घेतले गेले असते?

आरोपात जे थोडे तथ्य आहे ते १९६८ च्या सातव्या सामन्यात सापडते. मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊनही फिलाडेल्फिया हरले आणि त्या शेवटच्या सामन्याच्या उत्तरार्धात चेंबरलेनने केवळ दोन शॉट मारले. बिली कनिंगहॅम जायबंदी होऊन बाहेर होता, सहकाऱ्यांचे शॉट आत जात नव्हते, आणि अशा वेळी चेंडू वाटण्याची योजना बाजूला ठेवून स्वतः पुढे होण्याची गरज होती. आदल्या वर्षी ज्या संयमाने विजेतेपद मिळाले, तोच संयम त्या दिवशी महागात पडला. याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. सामन्याची हाक बदलली आणि तो तीच जुनी योजना राबवत राहिला, असे मी म्हणेन. रसेल या बाबतीत निराळा होता : एरवी पंधरा गुण करणारा हा खेळाडू गरज पडली तेव्हा तीस करत असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरावर समाधानी असे.

१९६९ च्या सातव्या सामन्यात शेवटची काही मिनिटे उरली असताना गुडघा दुखावल्याने चेंबरलेन बाहेर गेला, आणि नंतर तो तयार असतानाही प्रशिक्षकांनी त्याला परत घेतले नाही. लेकर्स १०६-१०८ असे हरले. या प्रसंगावरून रसेलने पुढे त्याच्यावर जाहीर टीका केली आणि दोघांची जुनी मैत्री दोन दशकांहून अधिक काळ तुटली. नंतर रसेलने आपली चूक मान्य केली, मैत्री पुन्हा जुळली, आणि १९९९ मध्ये चेंबरलेन गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या वेळी रसेल बोलला. परस्परांविरुद्ध एकशे चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या या दोघांना एकमेकांची योग्यता आपल्यापेक्षा अधिक कळत होती.

फ्री थ्रोबद्दलही बरेच बोलले जाते. चेंबरलेनचे कारकिर्दीतले प्रमाण ५१.१ टक्के होते आणि अटीतटीच्या सामन्यात त्याचा तोटा होत असे, हे खरे आहे. पण रसेलचे प्रमाण ५६.१ टक्के होते, हे सांगायला टीकाकार विसरतात.

प्रश्न : रसेल आणि चेंबरलेन यांनी सामन्यामागे सरासरी किती शॉट ब्लॉक केले?

उत्तर : एनबीएने ब्लॉकची, म्हणजे अडवलेल्या शॉटची, अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली. रसेल १९६९ मध्ये आणि चेंबरलेन १९७३ मध्ये थांबला, त्यामुळे दोघांच्याही नावावर अधिकृतपणे एकही ब्लॉक नाही. कोणी ठाम आकडा सांगितला तर तो मोजक्या सामन्यांवरून काढलेला समजावा.

प्रश्न : मी शालेय मुलींच्या संघाला बास्केटबॉल शिकवते. माझ्या संघात एक मुलगी इतरांपेक्षा बरीच उंच आहे. प्रत्येक चेंडू तिच्याकडे द्यावा, असा पालकांचा आग्रह असतो, आणि तसे केले की आम्ही लहान संघांविरुद्ध जिंकतो, पण चांगल्या संघांविरुद्ध हरतो. तिला रसेलसारखे घडवावे की चेंबरलेनसारखे?

उत्तर : तुमचे निरीक्षण अगदी अचूक आहे आणि त्यामागचे कारणही तुम्हाला उमगले असावे. दुबळ्या संघाकडे तिला अडवणारे कोणी नसते, म्हणून चेंडू तिच्याकडे देणे पुरेसे ठरते. चांगला संघ तिच्यावर दोघी लावतो, आणि तिच्या चार सहकाऱ्यांना महिनोन् महिने शॉट मारण्याची सवयच उरलेली नसते. या वयात चौघींना चेंडूपासून दूर ठेवण्याचे नुकसान एका सामन्याच्या निकालापेक्षा फार मोठे आहे.

माझा सल्ला असा की सुरुवात बचावापासून करावी, कारण तिथे ती कितीही चांगली झाली तरी कोणाचाही वाटा कमी होत नाही. पहिली गोष्ट म्हणजे तिला प्रत्येक शॉटवर उडी मारू देऊ नका. उंच मुलांना ब्लॉकचा मोह असतो. समोरची खेळाडू नुसती हूल देते आणि ही हवेत असताना फाउल होतो किंवा वाट मोकळी होते. आधी दोन्ही पाय जमिनीवर, हात वर, आणि शॉट मारणारीच्या हातून चेंडू सुटल्यावरच उडी, हा क्रम अंगवळणी पडू द्या. ती डावखुरी असेल तर ते तिचे भाग्य समजा. रसेल डावखुरा होता आणि बहुतेक शॉट उजव्या हाताने मारले जातात, त्यामुळे त्याचा हुकमी हात नेमका समोरच्याच्या चेंडूसमोर येत असे. उजवा हात हुकमी असेल तर डाव्या हाताने अडवण्याचा वेगळा सराव द्यावा लागेल.

दुसरी गोष्ट आक्रमणातली. तिला चेंडू जरूर द्या, परंतु पाठ रिंगकडे करून चेंडू हाती आल्यावर आधी मान वळवून सहकारी कुठे आहेत ते पाहायचे आणि मगच ठरवायचे, अशी शिस्त लावा. दोघी तिच्या अंगावर आल्या की कोणीतरी एक मोकळी असतेच. १९६६-६७ च्या चेंबरलेनने एवढेच केले होते. पुढे १९७१-७२ मध्ये लेकर्सचे प्रशिक्षक बिल शारमन यांनी, म्हणजे रसेलच्याच जुन्या सहकाऱ्याने, पस्तिशीतल्या चेंबरलेनला गुणांचा नाद सोडून बचाव, रिबाउंड आणि पहिला लांब पास यांवर भर द्यायला सांगितले. त्याची सरासरी १४.८ गुणांवर आली, संघाने सलग ३३ सामने जिंकण्याचा विक्रम केला, विजेतेपद मिळवले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू चेंबरलेनच ठरला. त्याची दोन्ही विजेतेपदे कमी शॉट मारलेल्या वर्षांतली आहेत, हे पालकांना सांगायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट शिकवायला सर्वांत कठीण आहे, पण मला ती सर्वांत प्रिय आहे. ब्लॉक करताना चेंडू जोरात बाहेर फटकावला की टाळ्या पडतात. मात्र चेंडू सीमेबाहेर गेल्यामुळे ताबा प्रतिस्पर्ध्याकडेच राहतो. रसेल शक्यतो चेंडूला अलगद हात लावून तो मैदानातच, सहकाऱ्याच्या दिशेने वळवत असे, आणि समोरचा संघ मागे वळेपर्यंत बोस्टनचा फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असे. सरावात एका मुलीला शॉट मारायला लावा, दुसरीला एका बाजूला उभी करा, आणि ब्लॉक केलेला चेंडू त्या उभ्या मुलीच्या हाती गेला तरच तो मोजा. पहिले काही आठवडे एकही ब्लॉक मोजला जाणार नाही. तरीही हा सराव सोडू नका, आणि बाजूला उभ्या राहणाऱ्या मुली दर दिवशी बदलत्या ठेवा, म्हणजे चेंडू कोणाला कुठे हवा असतो हे तिला प्रत्येकीच्या बाबतीत कळत जाईल.